ग्रामीण डाक सेवक भरती: अर्जापासून रुजू होईपर्यंतचे टप्पे आणि हातात पडणाऱ्या पैशाचा हिशेब

टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवकांची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘जीडीएस’ची, भरती निघाली की अर्ज भरणाऱ्यांची झुंबड उडते आणि दर वेळी चुका मात्र त्याच होतात. दहावीला उत्तम गुण असलेल्या मुलाचे नाव यादीत येते आणि कागदपत्रांच्या पडताळणीत त्याचे जातीचे प्रमाणपत्र चुकीच्या नमुन्यातले निघते. कोणाची निवड घरापासून दीडशे किलोमीटरवरच्या गावी होते आणि तेथे राहावे लागेल हे त्याला नियुक्तीच्या वेळी कळते. कोणी पोस्टमनच्या पगाराचा आकडा मनात धरून रुजू होतो आणि पहिल्या महिन्याच्या रकमेकडे पाहत बसतो. या चुका दिसतात शेवटी, पण त्यांचे मूळ पहिल्या दोन टप्प्यांत असते. म्हणून पुढील क्रम पाळावा आणि एक टप्पा पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये.

## टप्पा १: पद आणि मोबदला नीट समजून घेणे

संकेतस्थळ उघडण्याआधी हा टप्पा कागद-पेन्सिल घेऊन पुरा करावा. बहुतेक जण तो वगळतात.

जीडीएसमध्ये तीन पदे आहेत. शाखा डाकपाल, म्हणजे ब्रँच पोस्टमास्तर किंवा ‘बीपीएम’, हा खेड्यातील शाखा डाकघराचा प्रमुख असतो. काउंटरचे व्यवहार, रोकड, बचत खाती, ग्रामीण टपाल जीवन विमा, पोस्ट पेमेंट्स बँकेची कामे आणि रोजचा हिशेब ही त्याची जबाबदारी असते. सहायक शाखा डाकपाल, म्हणजे ‘एबीपीएम’, प्रामुख्याने टपालाचे वाटप करतो, डाक थैली पोचवतो आणि आणतो, तिकिटे विकतो आणि गरजेप्रमाणे शाखा डाकपालाच्या कामाला हातभार लावतो. तिसरे पद डाक सेवकाचे. त्याचे काम शाखा डाकघरात नसून उपडाकघरात, मुख्य डाकघरात किंवा रेल्वे मेल सेवेच्या कार्यालयात असते.

या तिघांनाही ‘पगार’ मिळत नाही. त्यांना मिळतो तो वेळेशी निगडित सातत्य भत्ता, ज्याला खात्यात ‘टीआरसीए’ म्हणतात. हा फरक केवळ शब्दांचा नाही. जीडीएस हे नियमित केंद्रीय कर्मचारी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये त्यांच्या पूर्वसुरींना, म्हणजे त्या वेळच्या खातेबाह्य सेवकांना, नागरी पदाचे धारक मानले, त्यामुळे त्यांना मनमानी पद्धतीने काढून टाकता येत नाही. तरीही नियमित सेवेचे वेतनस्तर, घरभाडे भत्ता आणि निवृत्तिवेतन त्यांना लागू होत नाहीत. त्यांची सेवा त्यांच्यासाठी केलेल्या स्वतंत्र नियमांनी चालते आणि वयाच्या ६५ व्या वर्षी संपते.

सध्याचे दर १ जुलै २०१८ पासून लागू आहेत. चार तासांच्या कामाला शाखा डाकपालाची श्रेणी १२,००० ते २९,३८० रुपये आहे आणि सहायक शाखा डाकपाल व डाक सेवक यांची १०,००० ते २४,४७० रुपये. काम पाच तासांचे ठरले तर शाखा डाकपालाला १४,५०० ते ३५,४८० आणि इतर दोघांना १२,००० ते २९,३८० ही श्रेणी मिळते. तास उमेदवाराच्या इच्छेने ठरत नाहीत. त्या डाकघरातील कामाचे मोजमाप ते ठरवते, म्हणून हिशेब करताना चार तासच धरावेत.

मूळ रकमेवर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्याच दराने महागाई भत्ता मिळतो. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के हा दर धरला, तर सहायक शाखा डाकपालाचे १०,००० अधिक ५,८०० असे १५,८०० रुपये होतात आणि शाखा डाकपालाचे १२,००० अधिक ६,९६० असे १८,९६० रुपये. मूळ रकमेत दर वर्षी ३ टक्के वाढ होते, म्हणजे १०,००० चे १०,३०० होतात आणि त्याच महागाई दराने हाती १६,२७४ रुपये येतात. हा हिशेब स्वतः करताना त्या वेळी लागू असलेला महागाई भत्त्याचा दर घालावा. जुन्या लेखांतले आकडे उचलू नयेत, हा लेखही काही काळाने जुना होणार आहेच.

आता तुलना. टपाल खात्यातील नियमित पदांपैकी बहुकार्य कर्मचाऱ्याचे, म्हणजे एमटीएसचे, मूळ वेतन १८,००० रुपयांपासून, पोस्टमनचे २१,७०० पासून आणि पोस्टल असिस्टंटचे २५,५०० पासून सुरू होते, आणि त्यावर महागाई भत्त्याबरोबर घरभाडे भत्ताही मिळतो. ‘पोस्टात लागला’ या एकाच वाक्यात गाव या सर्वांना बसवते. आकडे मात्र एकमेकांपासून फार दूर आहेत. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत पोस्टमनचे वेतन दाखवून जीडीएसचा अर्ज भरायला सांगितले जाते. हा गोंधळ मुद्दाम केलेला असतो की अज्ञानातून होतो, हे ठरवण्यात वेळ घालवण्यापेक्षा आपण आकडा तपासावा हे बरे.

वेतन आयोगाबद्दलही असाच गैरसमज आहे. जीडीएसचा मोबदला वेतन आयोग ठरवत नाही, त्यासाठी वेगळी समिती नेमली जाते. सातव्या आयोगाचे वेतन नियमित कर्मचाऱ्यांना १ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या जीडीएसच्या सुधारित श्रेणी मात्र १ जुलै २०१८ पासून अमलात आल्या. म्हणून आठव्या आयोगाच्या बातम्यांमधील गुणक उचलून १२,००० ला गुणत बसू नये.

दीर्घ सेवेसाठी २०२४ मध्ये एक योजना आली. त्यानुसार १२, २४ आणि ३६ वर्षांच्या सेवेनंतर अनुक्रमे वर्षाला ४,३२०, ५,५२० आणि ७,२०० रुपयांची वाढ मिळते. महिन्याच्या हिशेबात ती ३६०, ४६० आणि ६०० रुपये होते. योजना चांगली आहे, पण तिच्याकडे पदोन्नती म्हणून पाहू नये. खरी वर जाण्याची वाट विभागीय परीक्षांची आहे: ठरावीक वर्षांची सेवा झाल्यावर एमटीएस आणि पोस्टमन या नियमित पदांसाठी जीडीएसला परीक्षा देता येते. तिशीच्या आतील उमेदवाराने अर्ज करण्याचे सर्वांत सबळ कारण माझ्या मते हेच आहे.

तपासणी: तुमच्याकडे उपजीविकेचे दुसरे साधन आहे का? ही अट पात्रतेतच घातलेली आहे, कारण खाते हे काम पूर्ण वेळची नोकरी मानत नाही. शेती, दुकान, शिकवण्या चालतात. टपाल खात्याच्या धंद्याला बाधक ठरेल असे बाहेरच्या संस्थेचे काम चालत नाही, आणि निवडणूक लढवण्यावरही बंधन आहे. ग्रामपंचायतीत उभे राहायचे मनात असेल, तर दोन्हीपैकी एक काय ते आधी ठरवावे.

## टप्पा २: पात्रता अधिसूचनेच्या शब्दांत पडताळणे

वय १८ ते ४० वर्षे. अनुसूचित जाती व जमातींना ५ वर्षे, इतर मागासवर्गीयांना ३ वर्षे आणि दिव्यांगांना १० वर्षे सवलत आहे. दिव्यांग उमेदवार इतर मागासवर्गातील असेल तर १३ आणि अनुसूचित जाती किंवा जमातीतील असेल तर १५ वर्षे. आर्थिक दुर्बल घटकाला वयात सवलत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

शिक्षण दहावी उत्तीर्ण, त्यात गणित आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण असणे आवश्यक. त्याहून जास्त शिकलेल्याला जास्तीचे गुण मिळत नाहीत. पदवीधर आणि दहावी झालेला एकाच रांगेत उभे असतात आणि रांग दहावीच्या गुणांनी लागते. सायकल चालवता येणे आवश्यक आहे, स्कूटर किंवा मोटारसायकल येत असेल तर सायकल येते असे धरले जाते. संगणकाचे ज्ञानही अपेक्षित आहे.

भाषेची अट महाराष्ट्रात सोपी वाटते आणि तेथेच काही जण अडकतात. त्या जागेची स्थानिक भाषा दहावीपर्यंत अनिवार्य किंवा वैकल्पिक विषय म्हणून शिकलेली असावी लागते. घरी मराठी बोलतो हे पुरेसे नाही. इंग्रजी माध्यमात, दुसऱ्या मंडळातून शिकलेल्या आणि नववी-दहावीला मराठीऐवजी अन्य भाषा घेतलेल्या मुलांनी आपली गुणपत्रिका आधी पाहावी. गोवा टपालाच्या दृष्टीने महाराष्ट्र परिमंडलातच, म्हणजे टपाल खात्याच्या त्याच मोठ्या प्रशासकीय क्षेत्रात, येते आणि तेथील जागांना कोकणी किंवा मराठी चालते. बेळगाव भागात मराठी माध्यमात शिकलेल्याला कर्नाटक परिमंडलातील जागांसाठी दहावीपर्यंत कन्नड शिकलेले असावे लागेल, मात्र मराठीच्या आधारावर महाराष्ट्रातील जागांसाठी तो अर्ज करू शकतो.

## टप्पा ३: कागदपत्रे अर्जाच्या आधी तयार करणे

‘निवड तर होऊ दे, मग कागद काढू’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा शेवट पाठ झाला आहे. निवड होते, पडताळणीची मुदत साधारण दोन आठवड्यांची असते, तहसीलमध्ये त्याच वेळी प्रवेशांची गर्दी असते, आणि कागद मुदतीनंतर हातात येतो. जीडीएस भरतीत सर्वाधिक नुकसान या टप्प्यावर होते, म्हणून येथे जरा सविस्तर थांबतो.

जातीचा प्रवर्ग. ही केंद्र सरकारची भरती आहे. महाराष्ट्राच्या यादीतील प्रत्येक प्रवर्ग केंद्रात नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे प्रवर्ग आहेत आणि केंद्राच्या अर्जात त्यांचा रकाना नसतो. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीयांच्या महाराष्ट्रासाठीच्या यादीत आहे का, हे पाहावे. असेल तर ओबीसी म्हणून अर्ज करावा, पण प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातले आणि नॉन-क्रिमीलेअरचा उल्लेख असलेले घ्यावे. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र पडताळणीत बाद होऊ शकते. सेतू केंद्रावर किंवा ‘आपले सरकार’वर अर्ज करताना ‘केंद्र सरकारच्या नोकरीसाठी’ हे शब्द स्पष्ट सांगावेत, नाहीतर समोरचा माणूस सवयीने राज्याचाच नमुना काढतो.

मराठा समाजातील उमेदवारांना राज्यात मिळणारे सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्गाचे आरक्षण येथे लागू नाही. कुणबी नोंद सापडून तसे जात प्रमाणपत्र मिळालेले असेल तर कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. तसे नसेल तर आर्थिक दुर्बल घटक किंवा खुला प्रवर्ग हे दोन मार्ग उरतात.

आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र. केंद्राच्या निकषांत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असणे एवढेच नाही. कुटुंबाकडे ५ एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असेल, किंवा १,००० चौरस फूट वा त्याहून मोठी सदनिका असेल, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी तो उमेदवार अपात्र ठरतो. निवासी भूखंडाचीही मर्यादा आहे. मराठवाडा-विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याकडे सहा एकर जमीन आणि लाखभर उत्पन्न असणे ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे. अशा घरातील मुलाने राज्याच्या निकषावर मिळालेले प्रमाणपत्र येथे लावू नये. निकष न्याय्य आहे की नाही हा वेगळा वाद आहे, अर्ज मात्र निकषाप्रमाणेच भरावा लागतो. शिवाय हे प्रमाणपत्र आर्थिक वर्षाशी बांधलेले असते, तेव्हा त्यावरील वर्ष अधिसूचनेला लागू पडते का ते पाहावे.

नाव. महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर बहुधा नाव आधी. अर्जात गुणपत्रिकेप्रमाणेच नाव लिहावे, स्पेलिंगच्या प्रत्येक अक्षरासह. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी दहावीच्या नावाने अर्ज भरावा आणि नावबदलाचे राजपत्र, ते नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला, सोबत तयार ठेवावा.

इतर कागद. दहावीची मूळ गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, लागू असल्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. एमएससीआयटी झालेले असेल तर ते प्रमाणपत्रही फाइलमध्ये ठेवावे. वैद्यकीय प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातील किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे लागते, गावातील खाजगी डॉक्टरांचे चालत नाही. हे एकच प्रमाणपत्र निवडीनंतर काढले तरी हरकत नाही.

इशारा: हाती नसलेल्या प्रमाणपत्राच्या भरवशावर आरक्षित प्रवर्गातून अर्ज भरू नये. पडताळणीच्या वेळी प्रमाणपत्र दाखवता आले नाही तर निवड रद्द होते, आणि तुमचे गुण खुल्या प्रवर्गाला पुरणारे होते ही तक्रार तेथे कोणी ऐकून घेत नाही.

## टप्पा ४: नोंदणी आणि शुल्क

अधिकृत संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो. त्याच रंगाची, त्याच बोधचिन्हाची खाजगी पाने शोधयंत्रात वर येतात, म्हणून पत्ता वाचूनच पुढे जावे.

नोंदणीला चालू मोबाइल क्रमांक आणि ई-मेल लागतो. दोन्ही स्वतःचे असावेत. नेट कॅफेवाल्याचा ई-मेल टाकल्याने निवडीचा निरोप त्याच्या पेटीत पडून राहिला आणि मुदत टळून गेली, असे एक प्रकरण मी जवळून पाहिले आहे. त्यात कॅफेवाल्याचा काही स्वार्थ नव्हता, त्याच्या पेटीत त्या आठवड्यात अशी चाळीस पत्रे होती.

एका उमेदवाराची नोंदणी एकदाच. चूक झाली म्हणून दुसऱ्या मोबाइल क्रमांकावरून नवी नोंदणी केल्यास संपूर्ण उमेदवारीच धोक्यात येते. नोंदणी क्रमांक विसरला तर तो परत मिळवण्याची सोय असते, ती वापरावी.

शुल्क १०० रुपये. सर्व महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि तृतीयपंथी महिला यांना ते माफ आहे. भरलेल्या शुल्काची पावती जपून ठेवावी.

## टप्पा ५: गुण भरणे

लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीच्या गुणांची टक्केवारी चार दशांश स्थळांपर्यंत काढून गुणवत्ता यादी लागते. म्हणजे ९१.२००० आणि ९१.१६६७ यांत निवड आणि निराशा एवढे अंतर पडू शकते. टक्केवारी सारखी असेल तर वयाने मोठा असलेला वर येतो.

महाराष्ट्र मंडळाच्या मुलांची एक खास चूक येथे होते. आपल्या गुणपत्रिकेवर छापलेली टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची, म्हणजे ५०० पैकीची, असते, तर विषयांचे गुण ६०० पैकी असतात. काही जण छापील टक्केवारी जुळावी म्हणून एखाद्या विषयाचे गुण वगळतात किंवा एकूण बेरीज स्वतः बदलतात. असे करू नये. अर्जाचे पान ज्या क्रमाने विषय विचारते त्या क्रमाने, गुणपत्रिकेवरील आकडे जसेच्या तसे भरावेत. टक्केवारी काढणे हे यंत्रणेचे काम आहे आणि त्याचा नियम अधिसूचनेत दिलेला असतो, तो तुमच्या मंडळासाठी काय सांगतो ते वाचावे. ज्यांच्या गुणपत्रिकेवर केवळ श्रेणी किंवा श्रेणिगुण आहेत त्यांचे रूपांतर ९.५ ने गुणून होते. गुणपत्रिकेवर गुण आणि श्रेणी दोन्ही असतील तर गुणच भरावेत.

मंडळाचे नाव आणि उत्तीर्ण वर्ष निवडताना घाई करू नये. फेरमूल्यांकनात गुण बदलले असतील तर सुधारित गुणपत्रिकेवरूनच भरावे.

तपासणी: भरलेले गुण दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत आणि आपण गुणपत्रिकेवर बोट ठेवून ऐकावे. ७८ चे ८७ होणे ही सर्वांत साधी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. गुण फुगून निवड झाली तरी ती पडताळणीत जाते, आणि गुण घटले तर तुमचे नाव यादीत येतच नाही.

## टप्पा ६: डिव्हिजन आणि पसंतीक्रम

अर्जात एकच डिव्हिजन, म्हणजे परिमंडलातील टपाल खात्याचा एक स्थानिक विभाग, निवडता येते. टपालाची डिव्हिजन आणि महसुली जिल्हा एकच नसतात, हे लक्षात न घेता अनेक जण आपल्या गावाची जागा शोधत राहतात आणि ती सापडत नाही म्हणून परत जातात. जुन्या अहमदनगर जिल्ह्याचा काही भाग श्रीरामपूर डिव्हिजनमध्ये आहे, नाशिक जिल्ह्याचा काही भाग मालेगावमध्ये, जळगावचा भुसावळमध्ये, सोलापूरचा पंढरपूरमध्ये. गडचिरोलीची डाकघरे चंद्रपूर डिव्हिजनखाली आहेत. आपल्या गावच्या पोस्टात जाऊन ‘आपली डिव्हिजन कोणती’ हा एक प्रश्न विचारला तरी काम होते.

त्यानंतर जागांची यादी दिसते: डाकघराचे नाव, पद, जागेचा प्रवर्ग. त्यांतून पसंतीक्रम द्यायचा असतो. हा क्रम म्हणजे ‘मी कोठे राहायला तयार आहे’ याचे उत्तर आहे. शाखा डाकपालाला शाखा डाकघराच्या गावातच राहावे लागते. सहायक शाखा डाकपालाला त्या डाकघराच्या वाटप-हद्दीत राहावे लागते. अर्ज करताना तुम्ही त्या गावचे असण्याची गरज नाही, रुजू होताना मात्र तेथे बिऱ्हाड हलवावे लागते. १५-१६ हजारांत परगावी खोली घेऊन, आपली शेती किंवा दुकान मागे ठेवून राहणे परवडेल का, याचा हिशेब टप्पा १ मधील कागदावर करावा.

शाखा डाकपालाची आणखी एक जबाबदारी आहे: डाकघरासाठी गावात मध्यवर्ती जागा त्यालाच द्यावी लागते. त्यासाठी खाते थोडासा भत्ता देते, पण तो बाजारभावाच्या भाड्याला पुरेल असे गृहीत धरू नये. स्वतःच्या गावात घराच्या ओट्यालगतची खोली असणाऱ्याला हे पद उत्तम. परक्या गावात जागा शोधणाऱ्याने १२,००० आणि १०,००० यांतील २,००० चा फरक भाड्यात किती जातो ते आधी पाहावे. कित्येकदा जवळच्या गावातील सहायक पद दूरच्या डाकपाल पदापेक्षा हातात जास्त पैसे ठेवते.

जास्तीत जास्त जागा टाकल्या की संधी वाढते, हे खरे. पण एका पसंतीवर निवड झाली की उरलेल्या आपोआप संपतात. तिसाव्या क्रमांकाला टाकलेल्या, जाण्याची इच्छाच नसलेल्या गावाला निवड होऊन ती सोडावी लागली, तर त्या भरतीपुरते तुमचे दार बंद होते. बदलीची सोय आहे, पण मर्यादित आहे आणि जागा रिकामी असण्यावर अवलंबून आहे. ‘आधी लागू, मग बदली करून घेऊ’ या भरवशावर क्रम लावू नये.

तपासणी: पसंतीक्रमातील प्रत्येक गाव नकाशावर पाहिले का? एकाच नावाची दोन गावे एका डिव्हिजनमध्ये असू शकतात, तेव्हा पिनकोड आणि उपडाकघर मिळवून पाहावे.

छायाचित्र आणि सही ठरलेल्या आकारात चढवून, अर्ज सादर केल्यावर त्याची छापील प्रत काढावी. मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी काही दिवस मिळतात. २०२५ च्या भरतीत अर्जाची मुदत ३ मार्चला संपली आणि दुरुस्तीची खिडकी ६ ते ८ मार्च अशी तीनच दिवस उघडी होती. छापील प्रत तपासण्याचे काम त्याआधी उरकावे, म्हणजे हे तीन दिवस कामी येतील.

## टप्पा ७: यादी आणि पडताळणी

निकाल संकेतस्थळावर परिमंडलनिहाय याद्यांच्या रूपात लागतो आणि निवड झालेल्यांना संदेश व ई-मेल जातो. पहिल्या यादीत नाव नसले तरी पाहणे सोडू नये. जे रुजू होत नाहीत किंवा पडताळणीत बाद होतात त्यांच्या जागी पुढच्या याद्या लागतात, आणि त्या काही महिने येत राहतात. संदेशावर विसंबून न राहता दर आठवड्याला स्वतः पान उघडून पाहावे.

इशारा: निवडीसाठी खाते कोणालाही फोन करत नाही. ‘तुमचे नाव दुसऱ्या यादीत घेतो, इतके भरा’ असा फोन आला तर तो ठकाचा आहे. गुणांवर लागणाऱ्या यादीत कोणाचे नाव ‘घेता’ येत नाही. त्याचप्रमाणे जीडीएसच्या ‘परीक्षेची’ पुस्तके आणि शिकवण्याही घेऊ नयेत, कारण तशी परीक्षाच नाही.

पडताळणीला मूळ कागदपत्रे आणि स्वसाक्षांकित छायाप्रतींचे दोन संच घेऊन दिलेल्या कार्यालयात, दिलेल्या मुदतीत हजर व्हावे. शेवटच्या दिवशी जाऊ नये, कारण एखादा कागद कमी निघाला तर तो आणायला दिवस उरत नाही. निघण्याआधी अर्जाच्या छापील प्रतीवरील प्रत्येक ओळ कोणत्या कागदाने सिद्ध होते, हे पेन्सिलीने खुणा करून पाहावे. ज्या ओळीपुढे खूण करता येत नाही, अधिकारी बोट नेमके तिच्यावरच ठेवतो.

कागद जमा केल्याची पोच मागून घ्यावी.

## टप्पा ८: नियुक्ती आणि पहिले महिने

पडताळणीनंतर तात्पुरत्या नियुक्तीचे पत्र, चारित्र्य पडताळणी, सुरक्षा हमी आणि प्रशिक्षण असा क्रम असतो. शाखा डाकपालाला याच काळात जागेची व्यवस्था दाखवावी लागते, म्हणून घरमालकाशी बोलणे पत्र येण्याआधीच झालेले बरे.

पदभार घेताना रोकड, तिकिटे, शिक्के आणि उपकरणे मोजल्याशिवाय सही करू नये. आधीचा माणूस ओळखीचा असला, घाईत असला, ‘सगळे बरोबर आहे’ म्हणाला, तरी मोजावे. सही झाल्यानंतर निघालेली तूट तुमच्या नावावर लागते आणि रोकडीतील तूट हा जीडीएसच्या सेवेतील सर्वांत गंभीर दोषांपैकी एक मानला जातो. त्याच कारणासाठी खातेदाराचे पैसे घेतल्यावर पासबुकात किंवा पावतीवर नोंद त्याच क्षणी करावी. ‘उद्या चढवतो’ ही खेड्यातली भिडेची सवय पहिल्या दिवसापासून मोडावी.

वर्षाला २० दिवसांची भरपगारी रजा आणि ५ दिवसांची तातडीची रजा मिळते. रजेवर जाताना कामाची पर्यायी व्यवस्था कशी करायची हे आपल्या उपडाकघरात रुजू होतानाच विचारून घ्यावे, अडचणीच्या दिवशी विचारायला वेळ नसतो.

पहिली रक्कम खात्यात आली की तिची फोड मागावी आणि चार गोष्टी पाहाव्यात: मूळ टीआरसीए तुमच्या पदाचा आणि तासांचा आहे का, महागाई भत्ता चालू दराने लागला आहे का, शाखा डाकपाल असाल तर जागेचा भत्ता धरला आहे का, आणि कपाती कोणत्या आहेत. सेवासमाप्ती लाभ योजनेसाठी होणारी कपात तुमच्याच नावावर साठते, तिला नुकसान समजू नये. महिना मध्येच सुरू झाला असेल तर पहिली रक्कम दिवसांच्या प्रमाणात येते. फरक दिसला तर तोंडी न बोलता उपडाकघरामार्फत लेखी अर्ज द्यावा, त्यावर पोच घ्यावी आणि नियुक्तिपत्राची प्रत जोडावी.